खातं कुणाच्या नावावर, फोन कुणाच्या हातात?

(नंदुरबार येथे विद्यार्थिनींसमोर केलेल्या भाषणावरून)

धडगाव-अक्कलकुव्याहून तुम्ही नाशिक-पुण्याला शिकायला निघालात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून स्वयम् योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. पण कुठल्या खात्यात?

आमच्याकडे एक मुलगी आली. तिचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या खात्यात जमा झाले होते आणि त्या खात्याला नंबर होता भावाचा. त्याने त्यातून बियाणं घेतलं. भाऊ वाईट नव्हता, घरची नड होती. पण खानावळीचं बिल थकलं, आणि घरून निरोप आला, ‘परत ये.’

म्हणून तीन गोष्टी करा. एक, आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यातच सरकारी पैसे जातात. ते कोणतं, हे बँकेत विचारा. दोन, किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं मागा. मात्र अपुऱ्या कागदपत्रांवरचं ‘लहान खातं’ असेल तर महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. कागदपत्रं पुरी करा. तीन, खात्याला नंबर स्वतःचाच द्या. घरी पैसे द्यायचे तर जरूर द्या, पण आपल्या हाताने.

देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीच्या एका बाईला मिळाला. क्रमांक बाईचा, तसा पैशावरचा हक्कही बाईचाच हवा.