अहंकार आणि दृष्टि
(ज्युबिलीच्या सभेंतील भाषण)



ह्या आनंदाच्या प्रसंगीं अहंकारासारखा कडू विषय कां निवडला, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्युबिलीच्या वर्षीं ‘हें मीं केलें, तें आम्हीं बांधलें’ असे शब्द जिभेवर सहज येतात. माझ्याहि येतात, म्हणून बोलतों.

संत आगुस्तीन ह्यांचें चरित्र पाहा. सन ३५४ मध्यें आफ्रिकेंतील थागास्ते गांवीं जन्मलेला हा तल्लख तरुण १९ व्या वर्षीं सिसेरोचा ग्रंथ वाचून सत्यज्ञानासाठीं वेडा झाला. मग त्यानें पवित्र शास्त्र हातीं घेतलें. पण सिसेरोच्या डौलापुढें त्याची साधी भाषा त्यास क्षुद्र वाटली. पुढें ३८६ सालीं मिलानच्या एका बागेंत त्याच शास्त्रांतील संत पौलाच्या दोन वचनांनीं त्याचें काळीज विरघळलें. ग्रंथ तोच होता. बदललें काय, हें त्यानें आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथांत सांगून ठेविलें आहे: आपण गर्वानें इतके फुगलों होतों, कीं मान वांकवून आंत शिरणें आपणांस जमेना.

आतां माझीच गोष्ट सांगतों. दुसऱ्याची सांगणें मला शोभणार नाहीं. नुकताच सेमिनरींतून बाहेर पडलों होतों. एका धर्मग्रामांत आगुस्तीनांच्या सणादिवशीं मीं मोठ्या थाटांत त्यांचा बाप्तिस्मा रोमेंत करून टाकिला! मिस्सेनंतर एक वृद्ध गृहस्थ दारापाशीं म्हणाले, “फादर, लहान तोंडीं मोठा घास घेतों, पण तें शहर मिलान ना?”

मिलानच, ३८७ चा ईस्टर, बिशप आंब्रोज ह्यांच्या हस्तें. मला ठाऊक होतें, जीभ घसरली होती. ‘चुकलों’ म्हणावयास क्षण पुरता. मीं ‘पाहतों’ म्हटलें.

त्या दिवसापासून त्या गृहस्थांचें सारेंच मला वांकडें दिसूं लागलें. ते खोकले कीं टिंगल वाटे. उशिरा आले कीं अपमान. मागल्या बाकावर बसले कीं कट. घरांच्या आशीर्वादास गेलों तेव्हां त्यांच्या उंबऱ्यावर पाण्याचे चार थेंब उडवून पुढें चाललों. निमित्त घाईचें; अहंकाराला निमित्तें कधीं कमी पडत नाहींत. मागाहून कळलें, त्यांस दम्याचा विकार होता. पहाटे श्वास लागे, म्हणून उशीर. म्हणूनच दाराजवळचें बाक.

हें कळूनहि चूक कबूल करावयास मला पुढल्या वर्षींचा सण उजाडावा लागला. तेव्हांहि ते मागें खोकत होते. मिस्सेनंतर त्यांनीं हात जोडले आणि, मध्यें कांहीं घडलेंच नव्हतें अशा रीतीनें, “यंदा पाऊस बरा आहे, फादर,” एवढेंच म्हणाले.