बेरीज(२,५००) म्हणजे किती? लेक्सरला नवे आकडे शिकवताना

आजचा भाग आकड्यांचा आहे, पण घाबरू नका, गणिताचा तास नाहीये.

आधी एक प्रश्न. बेरीज, कंस सुरू, दोन, स्वल्पविराम, पाचशे, कंस पूर्ण. उत्तर किती? तुम्ही म्हणाल ५०२. बरोबर. माझ्या ॲपने मात्र सांगितलं २५००. आणि ते ॲप माझी आई वापरत होती, बचत गटाच्या हिशेबासाठी.

झालं असं. आई गटाचे पैसे सांभाळते. तिच्यासाठी मी एक छोटा कॅल्क्युलेटर लिहिला होता. त्यात सूत्रं लिहिता यायची. 'बेरीज' लिहायचं आणि कंसात स्वल्पविराम देऊन आकडे टाकायचे. एकदा आई म्हणाली, "अरे, एक लाख पंचवीस हजार लिहिताना शून्यं मोजत बसावं लागतं. मधे स्वल्पविराम चालू दे की." मी म्हटलं, एवढंच ना? संध्याकाळपर्यंत करून देतो.

इथे लेक्सर म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही लिहिलेली ओळ कॉम्प्युटरला एकेका अक्षराची माळ म्हणूनच दिसते. त्या माळेचे अर्थपूर्ण तुकडे करणारा भाग म्हणजे लेक्सर, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे टोकन. हा आकडा, हे नाव, हा कंस, हा स्वल्पविराम. बेल लॅब्समध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ मध्ये 'लेक्स' नावाचं साधन केलं. तुम्ही नियम द्यायचे, ते लेक्सर तयार करून देतं. हो, तोच एरिक श्मिट, जो पुढे गूगलचा सीईओ झाला.

लेक्सचा एक नियम लक्षात ठेवा: जितका लांब तुकडा जुळेल तितका घ्यायचा. म्हणून १२५ हा एकच आकडा होतो, एक, दोन आणि पाच असे तीन होत नाहीत. माझा लेक्सर मी हाताने लिहिला होता, पण नियम हाच होता.

आता मी शहाणपणा काय केला, ऐका. स्वल्पविराम कुठेही चालू द्यायचा नाही, आपल्या पद्धतीनेच हवा. शेवटी तीन अंक, त्याआधी दोन-दोनचे गट, आणि सगळ्यात पुढे एक किंवा दोन अंक. मग चाचण्या लिहिल्या. १,२५,००० एकच आकडा झाला. बेरीज(५००,३००) चं उत्तर ८०० आलं, कारण '५००,३००' आपल्या पद्धतीत बसत नाही, म्हणजे दोन वेगळे आकडे. सगळं हिरवंगार! दिलं आईला.

पुढच्या बैठकीत एका काकूंनी २ रुपये दंड आणि ५०० रुपये बचत भरली. आईने नेहमीसारखं बेरीज(२,५००) लिहिलं. आता '२,५००' आपल्या पद्धतीत चपखल बसतं! लांब तुकडा जुळला, लेक्सरने तो घेतला. पासबुकात २५०० लागले. ना एरर, ना लाल अक्षर. रात्री पेटीतली रोकड मोजली तर १९९८ रुपये कमी. आईने तीनदा मोजले. तिला वाटलं, पैसे आपल्याकडूनच कुठेतरी गेले.

उत्तर पन्नास कोटी आलं असतं तर आम्ही हसलो असतो आणि लगेच चूक सापडली असती. २५०० हा अगदी खरा वाटणारा आकडा होता. तीच खरी भीती.

त्या रात्री मला कळलं, की नवं टोकन ओळखता येणं हे सोपं काम आहे. अवघड प्रश्न वेगळा असतो: जे आधीपासून लिहिलेलं आहे, त्यातल्या कशाचा अर्थ आता बदलणार? म्हणून माझा नियम असा: नव्या टोकनला अशीच जागा द्यायची, जिथे आधी एरर येत होता. तिथे कोणाचंच जुनं चालू लिखाण नसतं, त्यामुळे कोणाचं मोडत नाही.

मोठ्या भाषांकडे बघा. पायथन ३.६ मध्ये, म्हणजे २०१६ मध्ये, आकड्यात अंडरस्कोर टाकायची सोय आली. स्वल्पविराम का नाही? कारण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला. आणि अंकाला चिकटून आलेला अंडरस्कोर आधी सिंटॅक्स एरर होता, म्हणजे जागा मोकळी. शिवाय दोन अंकांच्या मधे तो कुठेही चालतो, त्यामुळे एक, अंडरस्कोर, दोन शून्यं, अंडरस्कोर, तीन शून्यं असा आपला लाखही लिहिता येतो. शेवटी लोंबणारा किंवा लागोपाठ दोन मात्र चालत नाहीत.

सी प्लस प्लसचं उलट झालं. २०११ च्या आवृत्तीत आकड्यामागे अंडरस्कोर लावून स्वतःचे प्रत्यय जोडायची सोय दिली होती. ती जागा गेली. म्हणून २०१४ मध्ये आकडे वेगळे दाखवायला त्यांनी वरचा एकेरी अवतरणासारखा चिन्ह घेतला.

आणि सुरुवातीच्या शून्याची गंमत तर विचारूच नका. सी भाषेत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान धरतात. पुण्याचा एसटीडी कोड ०२० तिथे आकडा म्हणून लिहिलात, तर तो होतो १६! पायथन २ मध्येही तसंच होतं. पायथन ३ मध्ये ते बदललं, पण त्यांनी ०२० ला वीस केलं नाही. सरळ एरर केला, आणि अष्टमानासाठी शून्य-ओ ही नवी सुरुवात दिली. कारण जुन्या १६ चे गुपचूप २० झाले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

मग आईच्या ॲपचं काय केलं? सूत्रात स्वल्पविराम पुन्हा फक्त वेगळं करणाराच. उत्तर दाखवताना मात्र ॲप स्वतः स्वल्पविराम टाकतं. आणि शून्यं मोजायला लागू नयेत म्हणून '१.२५लाख' हे नवं टोकन दिलं. अंकाला चिकटून अक्षर आलं की माझा लेक्सर आधी एरर द्यायचा, म्हणजे जागा मोकळीच होती.

देवनागरी अंकही घेतले. युनिकोडमध्ये ते ० ते ९ ओळीने आहेत, त्यामुळे अक्षराच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की किंमत मिळते. पण एकाच आकड्यात देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले तर एरर. बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो हे एकदा बघा, म्हणजे एवढा कडकपणा का ते कळेल.

आणि आता चाचणीत सर्वात पहिलं काय करतो? आईची जुनी सगळी सूत्रं नव्या लेक्सरमधून चालवतो. एकाही उत्तरात फरक पडला, तर ते टोकन बाद.

काकूंच्या पासबुकातली नोंद दुसऱ्या दिवशीच दुरुस्त झाली. आईला मी सांगितलं, पैसे तुझ्याकडून गेले नव्हते, आकडा माझ्याकडून चुकला होता. ती म्हणाली, "मग काल रात्रीच सांगायचंस ना, झोप तरी लागली असती."

तुम्ही छोटी भाषा, कॅल्क्युलेटर, काहीही लिहीत असाल तर हा एक प्रश्न जवळ ठेवा: इथे आधी एरर होता का? भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!