कोळंबी त्यांच्या ताटात, घाण आपल्या विहिरीत



मी तिवरांवर बोलायला उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणतंच, "झाडं पोट भरलेल्यांनी बघावीत!" तर पोटाचंच सांगतो.

तामिळनाडूतलं किळवेणमणी. मजुरीसाठी लढले म्हणून 25 डिसेंबर 1968 ला तिथं 44 दलित एका झोपडीत जाळले. त्याच मुलखात कृष्णम्माळ जगन्नाथन, भूमिहीन दलिताची लेक, हिनं जमीनदारांच्या जमिनी सोडवून आपल्या बायांच्या नावावर केल्या. नव्वदीत शेजारीच कोळंबीची तळी आली. उरलेलं खाद्य, विष्ठा, औषधं, सगळं खाडीत. खारं पाणी झिरपून विहिरी नासल्या, भात गेला.

तिवर थोडी घाण पचवतं. फार झाली की चिखलातला उरलासुरला प्राणवायूही संपतो. आणि तळं खोदलं की चिखलातला गंधक हवेला लागून आम्ल होतो. रोगानं तळं बंद पडतं, मालक जातो, त्या मातीत रोप धरत नाही. तिथं रोपं लावून फोटो काढणारे साहेब बघितलेत ना? आधी बांध फोडा. भरती आत येऊ द्या, आम्ल धुऊ द्या. आसपास तिवर शिल्लक असेल तर बी पाण्याबरोबर आपणहून येतं.

कृष्णम्माळच्या नवऱ्याच्या अर्जावर 11 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं किनारपट्टीतली अशी तळी पाडायचा हुकूम दिला. 2005 ला संसदेनं कायदा करून त्यांनाच वाट मोकळी केली. बांध उभेच राहिले.