नमुन्याचा चौथा भाग

वकिलाचं मोल आमच्या गव्हाण गावाला नव्याने सांगावं लागत नाही. सिडकोने भातशेती घेतली तेव्हा आमच्यासाठी झुंजलेले जासईचे दि. बा. पाटील वकीलच होते. शेती गेली, तशा आमच्या आयाबहिणी मसाले, पापड, सुक्या जवळ्याची चटणी विकू लागल्या. पलीकडे न्हावा-शेवा बंदरात परदेशी खाऊचा माल लेबलातल्या चुकीपायी अडतो, तेव्हा मालकाचा वकील धावतो. चटणीवालीसाठी कोण धावणार?

मध्यंतरी एक ताई पिशवीतून घडी घातलेला कागद घेऊन आल्या. त्यांच्या चटणीच्या नमुन्यावरचा अन्न विश्लेषकाचा अहवाल होता. सरकारी कागद म्हणून त्यांनी तो देव्हाऱ्यामागे जपून ठेवला होता. अपिलाची तीस दिवसांची मुदत उलटून आठवडा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग, व्यावसायिकाने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन अहवाल जुळले नाहीत, तर निर्देश प्रयोगशाळेचा निकाल अंतिम. ही मागणी करायची असते, हेच ताईंना कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या कंपनीकडे मात्र सांगणारे वकील असतात. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सवरची बंदी रद्द केली. कंपनीची बाजू ऐकून घेतली नव्हती आणि जिथे तपासणी झाली त्या प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती, हे त्यात निर्णायक ठरलं. न्यायालयाने नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला लावले. 'तपासलं कुठे?' हा साधा प्रश्न कंपनीचे वकील विचारू शकले. तोच प्रश्न बचत गटासाठीही विचारणारा वकील मला तालुक्यात हवा आहे.

आणि माल खरंच खराब निघाला, तर 'आधी दुकानांतून परत मागवा' असं अशिलाला ठणकावून सांगणाराही वकीलच हवा. ती चटणी शेवटी कुणाच्या तरी लेकराच्या ताटात पडते.

वकील बंधू-भगिनींनो, आज दुपारच्या जेवणात तांदळाच्या भाकरीबरोबर जी जवळ्याची चटणी असेल, ती त्याच ताईंची. बाटली फिरवून लेबल वाचा. काही राहून गेलं असेल तर त्यांना तिथेच सांगा. त्या वही-पेन घेऊन वाढायला उभ्या असतील.