वर मात्रेला जागा ठेव
(स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



‘तू बोलायचंस’ असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सॉफ्टवेअरमधली माणसं दिवसभर काम करतात ते पडद्याशी, माइकशी त्यांची ओळख कमीच. मग वाटलं, एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे आणि ती ज्यांना सांगायला हवी ती दोन माणसं आज याच मंडपात आहेत. एक आपले चित्रकलेचे सर. दुसरी माझी भाची. येताना कमानीवर शाळेचं नाव वाचलंत ना? ते फ्लेक्सवर छापलेलं नाही. तिने दोन दिवस शिडीवर उभं राहून ब्रशने काढलं आहे.

आधी सरांची गोष्ट. सातवीपासून फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांना सरांनी मला बसवलं आणि दोन्हीत ‘अ’ श्रेणी मिळाली. पण फळ्यावर माझी एक चूक ठरलेली असायची. मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला शिरोरेघ ओढायची, आणि मात्रा, वेलांटी, रफार आले की ते लाकडी चौकटीवर जायचे. सर डस्टर घेऊन यायचे, ओळ पुसायचे आणि म्हणायचे, “वर मात्रेला जागा ठेव. ती बिचारी कुठे जाणार?”

दहावीला गणितात चांगले गुण पडले आणि पुढचं आपोआप ठरलं. वरंधहून महाड, महाडहून पुणे, इंजिनिअरिंग, नोकरी. चित्रकला सुटली. मला त्याचं दुःख झालं असंही नाही. मला कोड लिहायला आवडतं, आजही आवडतं. पण वीस-बावीस वर्षांत एक झालं. गावाकडे मुलांचं काय करायचं हा प्रश्न निघाला की लोक मला विचारू लागले, आणि मीही तयार उत्तर देऊ लागले.

माझ्या भाचीलाही तेच उत्तर दिलं. तीही याच शाळेतली. बारावीनंतर तिला उपयोजित कलेला जायचं होतं. दादाने मला फोन केला. मी म्हटलं, “चित्रं काय, छंद म्हणूनही काढता येतात. आधी डिग्री घेऊ दे.” माझ्या शब्दावर तिने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, वर्षभर रडत-कुढत अभ्यास केला आणि वर्षाच्या शेवटी घरी येऊन सांगितलं की आता जमणार नाही. दादाचे पैसे गेले, तिचं वर्ष गेलं. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही, हे जास्त लागलं. पुढच्या वर्षी तिने कलाशाखेची सीईटी दिली आणि मुंबईत चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळवला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे.

पहिलं वर्ष तिला सोपं गेलं नाही. ती गावात ‘सुंदर अक्षराची मुलगी’ होती. तिथे वर्गातल्या प्रत्येकाचंच अक्षर सुंदर होतं. पहिल्या सत्रात वस्तुचित्र, रंग, आणि पानंच्या पानं नुसत्या सरळ रेघा. एका पोस्टरसाठी पन्नास छोटे आराखडे करून आणायचे. ती तीस करायची आणि म्हणायची, आता सुचत नाही. शिक्षक म्हणायचे, “पहिले तीस सगळ्यांना सुचतात. तुझं त्यानंतर सुरू होईल.” तिने अक्षरांना वेलबुट्ट्या काढल्या की एकच प्रश्न यायचा: हे वाचणार कोण? कुठून? किती लांबून? मला फोनवर ती वैतागून सांगायची आणि मी मनात म्हणायची, बघ, मी सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिला काम मिळालं, आपल्या भागातली अक्षरं गोळा करा. ती मे महिन्यात घरी आली आणि वही घेऊन हिंडायला लागली. महाडचा एसटी स्टँड, बिरवाडीची दुकानं, देवळातल्या देणगीदारांच्या फरश्या, आपल्या शाळेच्या भिंती. एक जुने पाटी रंगवणारे पेंटर तिला भेटले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम जवळजवळ बंदच आहे. त्यांनी तिला दाखवलं की आधी खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेघ आखायची, मग अक्षर वरून खाली उतरवायचं. आपलं अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला टांगलेलं असतं. वर मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे जागा सोडावी लागते.

त्याच सुट्टीत मीही आले होते. आमच्या टीमने नागरिकांना अर्ज भरण्यासाठी एक मोबाइल अ‍ॅप केलं होतं आणि मराठी आवृत्ती माझ्याकडे होती. मी कौतुकाने ते आईच्या हातात दिलं. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे ‘अज करा’ म्हणजे काय गं? बोकडाचं काही आहे का?”

भाचीने फोन घेतला आणि हसली नाही. म्हणाली, “आत्या, वरचा रफार कापला गेलाय. ‘अर्ज’चं ‘अज’ झालंय. आणि खाली बघ, ‘सूचना’चं ‘सचना’.” ओळीची उंची आम्ही इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवली होती, त्यामुळे चौकटीबाहेर जे गेलं ते कापलं गेलं. मी स्वतः तपासलं होतं. मला दिसलं नाही, कारण काय लिहिलं आहे ते मला पाठ होतं.

मग तिने अजून एक दाखवलं. आमच्या अ‍ॅपमधला ल आणि श हिंदी वळणाचा होता. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो, शाळेत तसाच गिरवलाय. ज्या फाँटमध्ये ही सोय असते, तिथे मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये दिली की आपली वळणं आपोआप दिसतात. आम्ही खूण हिंदीची दिली होती. एका शब्दाची दुरुस्ती! ती माझ्या कामाची बाब होती आणि मला एका चित्रकलेच्या विद्यार्थिनीने शिकवली.

त्या रात्री ओटीवर बसून तिने मला र. कृ. जोशींबद्दल सांगितलं. ते मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, अनेक वर्षं उल्का या जाहिरात संस्थेत काम केलं, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले, आणि नंतर एनसीएसटी या संगणक संस्थेत बसून भारतीय लिप्यांचे फाँट घडवले. विंडोज २००० पासून संगणकावर जो ‘मंगल’ फाँट आला, तो त्यांचा. २००८ साली ते गेले. मी नोकरीत लागल्यापासून मंगलमध्ये मराठी बघत आले आणि ही अक्षरं एका माणसाने हाताने घडवली असतील हे कधी मनात आलं नाही. अच्युत पालव हेही जे.जे.चे. १९८२ साली शिक्षण संपल्यावर त्यांनी शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास केला, त्यातून देवनागरी आणि मोडीच्या मेळातून मुक्तलिपी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला मी ‘छंद’ म्हणत होते, त्यावर या माणसांनी आयुष्य घातलं होतं आणि माझा रोजचा धंदा त्या कामावर उभा होता.

आणि शेवटची गोष्ट तर आपल्या उंबरठ्यावरची. शिवथरघळ आपल्यापासून किती लांब? आपण सगळे सहलीला गेलो, धबधब्याखाली भिजलो. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला असं आपण लहानपणापासून ऐकलं. पण त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. भाचीच्या वहीत तो उतरवून घेतलेला होता. अक्षर मोकळं आणि एकसारखं असावं, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर जाणार नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे सांगणं मी वाचत होते आणि समोर आई फोन डोळ्यांपासून लांब धरून आमची अक्षरं लावायचा प्रयत्न करत होती.

अ‍ॅपमधल्या चुका आम्ही सुधारल्या. आता मराठी पडदा बाहेर पडण्याआधी तो आईला दाखवते. तिला कळलं तर पुढे जातो.

भाचीला मी त्याच रात्री म्हटलं, “तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं.” ती म्हणाली, “गेलं खरं.” “जाऊ दे” असं ती म्हणाली नाही आणि मला ते बरं वाटलं. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते: चूक माझी होती. मला माझ्या रस्त्याची माहिती होती, तिच्या रस्त्याची नव्हती, आणि तरी मी सल्ला दिला.

आपल्यातले बरेच जण आता असे सल्ले देण्याच्या वयात आलो आहोत. तुमच्याकडे कोणी मूल घेऊन आलं, तर उत्तर देण्याआधी त्याची वही बघायला मागा, एवढंच म्हणेन.

आपल्या बॅचचा जो निधी जमला आहे, त्यातून संगणक घ्यायचं ठरतंय. जरूर घेऊया, मी विरोधात कशी असेन? पण थोडी रक्कम चित्रकलेसाठी बाजूला ठेवावी अशी माझी विनंती आहे. रंग, ब्रश, कागद आणि ज्या मुलांना इंटरमिजिएटला बसायचं आहे त्यांची फी. माझा वाटा मी आज देते आहे.

सर, तुम्ही मला फळ्यावर जे शिकवलं ते मी पुण्याला जाऊन विसरले आणि ओटीवर बसून पुन्हा शिकले. यापुढे वर जागा ठेवीन.