सेल्फ फिरतोय, पण इंजिन उचलत नाहीये

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. आईचं डायलिसिस सकाळी आठला, गाडी आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत, आणि सकाळी सेल्फ फिरतोय पण इंजिन उचलत नाही. रिक्षा मिळाली, डायलिसिस झालं. गॅरेजवाल्यानं मात्र काहीच न तपासता सांगितलंय, 'पंप गेला, बदलावा लागेल.' बदलायचा का?

मित्रा, जरा थांब.

सेल्फच फिरत नसेल, नुसतं कट-कट वाजत असेल, तर बॅटरीकडे बघायचं. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर तो बहुतेक इमोबिलायझर. पण सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, म्हणजे एकतर पेट्रोल पोचत नाही किंवा स्पार्क नाही.

आता रेडिओ बंद, ब्लोअर बंद. चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो टाकीतला पंप. आवाज आला, तर निदान पंप फिरतोय. नाही आला, तरी लगेच पंपावर खापर फोडू नका. आधी फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. जास्तीचा नको, वायरिंग जळेल. मग रिले. फ्यूज आणि रिले पंपाच्या मानाने किरकोळ किमतीचे असतात, म्हणून तपासणी तिथून सुरू व्हायला हवी.

गाडी सीएनजी आहे का? हे मी मुद्दाम विचारतोय. आपल्याकडच्या बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर, मग गॅसवर जातात. आणि आपण काय करतो? पेट्रोलचा काटा महिनोन् महिने लालमध्ये ठेवतो. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तेच त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी पडली की पंप तापतो आणि एक दिवस जातो. वर जुनं पेट्रोल शिळं होतं ते वेगळंच. पाव टाकी कायम ठेवा, आणि अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. काट्यावरही फार भरवसा नको, फ्लोट अडकला की तो खोटं बोलतो. शंका असेल तर पाच लिटर ओतून बघा.

पेट्रोल भरलं आणि थोड्याच अंतरावर गाडी आचके देत बंद पडली, तर पाण्याचा संशय घ्या. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळातूनच. सध्याच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी सामावून घेतं, पण जास्त झालं की पाण्यासकट वेगळं होऊन खाली जातं. अशा वेळी टाकी रिकामी करून घ्यायची, आणि पेट्रोलचं बिल टाकून द्यायचं नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंधनाची नळी स्वतः सोडवू नका, आत दाब असतो. आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, खाली थेंब दिसत असतील, तर चावी काढा, सगळ्यांना उतरवा आणि लांब जाऊन टोइंगला फोन करा.