लेकीच्या हातात प्रवेशाची दोन पत्रं



कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही गटाच्या बाया मिळून बोलणार आहोत इतिहासाच्या एम.ए.बद्दल. तुम्ही म्हणाल, नर्सिंग, पोलीस भरती, बी.एड. सोडून हे काय मध्येच? तर हा विषय आमच्यापुढे आणला आपल्या पोरींनीच. बी.ए. झालेल्या मुली गटाकडे शिक्षणासाठी कर्ज मागायला येतात. कुणाच्या हातात तालुक्याच्या कॉलेजचं प्रवेशाचं पत्र असतं, कुणाच्या हातात पुण्याचं, तर एखादीच्या हातात दोन्ही. मग घरात एकच प्रश्न होतो, यातलं घ्यायचं कुठलं? बहुतेक घरी उत्तर ठरलेलं असतं. ज्याची फी कमी ते, नाहीतर जे जवळ ते. आणि ठरलंच नाही तर "राहू दे, पुढं बघू." या "राहू दे"मध्ये किती पोरींची वर्षं गेली, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं बोलू. इतिहास शिकून करायचं काय? राजांच्या सनावळ्या पाठ करायला दोन वर्षं घालवायची का? तसं नाही बायांनो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. बाईलाच का नावं ठेवता, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. ते पुस्तक पुढं विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा लोकांना कळलं की आपल्याकडे अशी एक बाई होऊन गेली. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेल्या बायांना शोधून, त्यांना बोलतं करून त्यांनी ते लिहिलं. शोधणारं कुणी असलं तर बाई कागदावर येते, नाहीतर पुसली जाते. म्हणून आपल्या पोरींनी हे शिकावं असं आम्हांला वाटतं. पण शिकायचं तर डोळे उघडे ठेवून.

आता अर्जाचं वेळापत्रक. दिल्लीचं जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशा केंद्राच्या विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी नावाची परीक्षा असते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज भरायचा, निकालाची वाट बघायची नाही. पेपर संगणकावर असतो, इंग्रजी आणि हिंदीत, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. एक खोच लक्षात ठेवा. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर गुण असून जागा जाते.

पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ, यांचे अर्ज साधारण उन्हाळ्यात, बी.ए.च्या निकालाच्या आगेमागे सुरू होतात. काही विभाग स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. तालुक्याच्या काही कॉलेजांतही इतिहासाचं एम.ए. असतं. एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. एक लांबचं, एक मधलं, एक जवळचं, असे तीन अर्ज असू द्या.

कागदांची पिशवी दिवाळीतच भरायला घ्या. गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असेल तर मायग्रेशन, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमिलेयर. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बघा, कारण शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. आणि ओबीसी घरातल्या बायांनी हे खास ऐका. केंद्राच्या विद्यापीठाला राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघावं लागतं. तहसील कचेरीत एका दिवसात काम होत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता मुख्य गोष्ट. पत्रं आली. निवडायचं कसं?

आपण गटाचा हिशोब जसा वहीत मांडतो, तसाच हाही मांडायचा. प्रत्येक पत्रासाठी एक पान करायचं. वर्षाचा नाही, पूर्ण दोन वर्षांचा खर्च लिहायचा. समजा, शहरातल्या विद्यापीठाची फी वर्षाला १२,००० रुपये आहे. वसतिगृहाचे १०,०००. मेस महिन्याला ३,५०० धरली तर दहा महिन्यांचे ३५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, जाणं-येणं मिळून ८,०००. वर्षाचे झाले ६५,०००, दोन वर्षांचे १,३०,०००. यात फी किती? २४,०००. म्हणजे पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. आता समजा वसतिगृह मिळालं नाही आणि महिना ५,००० रुपयांनी खोली घ्यावी लागली. वर्षाला १०,०००च्या जागी ६०,००० गेले. दोन वर्षांत एक लाखाचा फरक पडला, तोही फी तेवढीच असताना. हे आकडे आम्ही समजण्यापुरते धरलेत. तुमच्या वहीत खरे आकडे विचारून लिहा. पण शिकवण एवढीच की प्रवेशाचं पत्र आलं की पहिला प्रश्न फीचा नाही, वसतिगृहाचा विचारायचा. "जागा मिळणार का, कधी कळणार, लेखी देता का?"

जेएनयूचं बघा. तिथली शिकवणीची फी अगदी कमी, वर्षाला काही शे रुपये. ऐकून वाटतं फुकटच आहे. पण मेसचं बिल दर महिन्याला येतं, आणि दिवाळी-उन्हाळ्याला घरी यायचं रेल्वेचं भाडं आहेच. उलट तालुक्याचं कॉलेज स्वस्त वाटतं, एसटीचा पास काढला की झालं. पण रोजचे जाऊन-येऊन तीन तास गेले, आणि घरी आल्यावर चूल तिच्याच वाट्याला आली, तर वाचणार कधी? वेळ हाही खर्चच आहे, तोही वहीत लिहा.

दुसरं पान भाषेचं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मराठीतून पेपर लिहिता येतो. जेएनयू, हैदराबादला वाचन, निबंध, चर्चा सगळं मुख्यतः इंग्रजीतून. म्हणून जायचंच नाही असं आम्ही म्हणत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरी तिथं जाऊन टिकल्या आहेत. पण पहिले सहा महिने जड जातात, हे तिला आधी माहीत असावं. म्हणजे ती खचणार नाही, आणि पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर घरचे "परत ये" म्हणणार नाहीत.

तिसरं पान, तिला शिकायचंय काय? मोडी कागद वाचायचे असतील तर पुण्यासारखी जागा नाही. पेशवे दफ्तर तिथंच आहे, १९१० साली निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ तिथंच आहे. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापुरात आहेत. गोव्याच्या पोर्तुगीज काळाचं काम करायचं तर गोवा विद्यापीठ आणि पणजीचं पुराभिलेखागार जवळ हवं. जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरून इतिहास शिकायचा तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. शिरूर तालुक्यातलं इनामगाव त्यांनीच खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा तिथं सापडल्या. आपलीच चूल आहे ती! म्हणून नाव मोठं की लहान यापेक्षा, तिच्या विषयाचे कागद आणि शिकवणारी माणसं कुठं आहेत ते बघायचं.

चौथं पान विचारपूस. पत्रात हे लिहिलेलं नसतं. आता तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा फोन नंबर मिळवा आणि सरळ विचारा. विभागात कायमचे शिक्षक किती? तास होतात का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? वसतिगृहाचं फाटक कधी बंद होतं, पाणी असतं का, रात्री बरं वाटलं नाही तर कोण येतं? अंतर्गत तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहे? ही समिती कायद्यानं सगळीकडे असायलाच हवी. विचारायला लाजू नका. जावई बघताना आपण चार गावं विचारतो, मग इथं का नाही?

आता बऱ्याच घरांचा घोळ कुठं होतो? जवळच्या कॉलेजचं पत्र आधी येतं, पैसे भरायची तारीख जवळ असते. शहराचं पत्र नंतर येतं. तोवर पैसे भरलेले असतात, मूळ कागद जमा असतात. मग घरचे म्हणतात, "आता अडकलो, जाऊ दे." पण अडकत नाही बायांनो. यूजीसीचे २०१८चे नियम आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या जाहीर तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. १५ दिवसांच्या आत आलं तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढं काही नाही. काही वर्षी यूजीसीनं याहून सवलतीच्या तारखाही काढल्या आहेत, त्या वर्षीची सूचना बघून घ्या. आणि मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, कॉलेजला ते अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द करायचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाकून घ्या. तोंडी बोलण्याला किंमत नाही.

पैशाचं काय? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम, ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्तीही आहे, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने. त्यात ३० टक्के जागा मुलींच्या आहेत. पण प्रत्येक योजनेच्या अटी आणि तारखा वेगळ्या. आणि सरकारी पैसा येतो तो उशिरा. फी जूनला, शिष्यवृत्ती कधी फेब्रुवारीला. या मधल्या महिन्यांसाठीच गट आहे. आमच्या गटात ठरलंय, लग्नासाठी जेवढं कर्ज मिळतं तेवढंच शिक्षणासाठीही मिळेल, आणि हप्ता शिष्यवृत्ती आल्यावर सुरू होईल. तुमच्या बैठकीतही हा विषय मांडून बघा.

पुढं नोकरी लागेल का? खोटं सांगणार नाही. नुसत्या एम.ए.वर नोकरी ठेवलेली नसते. कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट पास व्हावं लागतं, आणि तरीही कायमच्या जागा थोड्याच निघतात. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. बी.एड. करून शाळा, पुराभिलेख, संग्रहालयं, मोडी वाचनाचं काम, स्पर्धा परीक्षा, अशा वाटा आहेत. म्हणून पहिल्या वर्षापासूनच नेट-सेटचा अभ्यास आणि मोडीचा वर्ग सुरू करायचा.

आणि ज्यांचं लग्न झालं, बी.ए. होऊन पोरंबाळं झाली, त्या वहिनींनी रेडिओ बंद करू नका. इग्नूमधून घरी राहून इतिहासाचं एम.ए. करता येतं, हिंदीतूनही. यूजीसीची मान्यता असलेल्या अशा पदवीला नियमित पदवीइतकीच किंमत आहे.

शेवटचं एक. वहीची सगळी पानं लिहून झाली की ती पोरीच्या हातात द्या. खर्च आपण सांगायचा, धोका आपण सांगायचा, पण कुठल्या पत्रावर सही करायची ते तिला ठरवू द्या. दोन वर्षं रात्री जागून वाचायचंय तिला. तिनं ठरवलं की मग भाऊबंद काय म्हणतात ते सांभाळायला आपण गटाच्या बाया आहोतच.

या महिन्याच्या बैठकीत विचारा, आपल्या गटात कुणाची पोरगी किंवा सून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे? तिची कागदांची पिशवी उघडून बघा, काय कमी आहे ते लिहून काढा.